आधी नवं हॉस्पिटल की आधी फूटपाथ? शहराच्या तब्येतीवर जरा भांडूया

पायी_पायी

मुद्दा सरळ मांडतो, मग तुम्ही झोडा. शहराच्या आरोग्याची गोष्ट निघाली की जगात कुठेही जा मागणी ठरलेली, नवं हॉस्पिटल, नवी मशीन्स, फुकट तपासणी शिबिर आणि वर "रोज अर्धा तास चाला" असा बोर्ड. तो बोर्ड पण अशा जागी लावतात की वाचायला थांबलात तर मागून गाडी उडवेल. माझं म्हणणं असं की शहराकडे आरोग्यासाठी जो काही जादाचा पैसा येईल तो पुढची पाच वर्षं आधी रस्त्यावर घाला. वस्तीतल्या आतल्या रस्त्यांवर वेग ताशी ३० किमी, कडेच्या पार्किंगची एक रांग काढून तिथे सलग फूटपाथ, सावलीची झाडं, आणि वेळेवर येणारी बस. हॉस्पिटलं बंद करा असं कोणी म्हणत नाहीये, आहेत ती चालवाच.

कारण जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब बघा, रस्त्यावरच्या अपघातांत वर्षाला साधारण ११ लाख ९० हजार माणसं जातात आणि ५ ते २९ या वयात मरणाचं पहिल्या नंबरचं कारण हेच आहे. सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्क्यांच्या आसपास वाढतो. दुसरीकडे २०२२ चा अंदाज असा की जगातले ३१ टक्के प्रौढ पुरेशी हालचालच करत नाहीत. म्हणजे रस्ता दोन्हीकडून मारतोय, बाहेर पडला त्याला गाडीने आणि घाबरून घरात बसला त्याला बीपी-शुगरने.

बोला आता.

रोखठोक

झालं सुरू. माणूस चालत नाही यात पण दोष पालिकेचाच! अहो प्रत्येक बिल्डिंगला जिना असतो ना, चढतं का कोणी? लिफ्टसमोर मोबाइल बघत उभे राहतील पण एक मजला चढणार नाहीत. ज्याला तब्येतीची पर्वा आहे तो पहाटे उठून गच्चीवर फेऱ्या मारतो, ज्याला नाही त्याला तुम्ही संगमरवरी फूटपाथ बांधून द्या, तो तिथे बाइक लावेल. पैसा शहराचा, आळस ह्यांचा. शाळेपासून व्यायामाची सवय लावा, खाण्यापिण्याची शिस्त लावा, बाकी सगळं आपोआप होतं.

पायी_पायी

@रोखठोक शिस्तीबद्दल १९५३ चा एक अभ्यास सांगतो. जेरी मॉरिस म्हणून डॉक्टर होते लंडनमध्ये, त्यांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. कंपनी तीच, शहर तेच, पगारात फार फरक नाही. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर तिकिटं फाडत वर-खाली, दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. हृदयविकार कंडक्टरांमध्ये बराच कमी निघाला. आता त्या कंडक्टरांनी काय नवीन वर्षाचा संकल्प केला होता का? गाडीच दुमजली होती, चढावं लागायचं, चढले. मला शहर तसं पाहिजे, की माणसाने वेगळं काही ठरवलं नाही तरी त्याची हालचाल व्हावी.

शंकासुर

हे उदाहरण सगळे देतात आणि पुढची गोष्ट कोणीच सांगत नाही. त्याच मॉरिस यांनी तीन वर्षांनी बसवाल्यांच्या युनिफॉर्मची मापं काढली, कंपनीकडे पँटींच्या कमरेची नोंद होतीच. तर ड्रायव्हर नोकरीला लागतानाच कंडक्टरांपेक्षा जाड होते. म्हणजे पायऱ्यांनी कंडक्टर बारीक झाले की मुळात बारीक चपळ माणसंच कंडक्टर झाली? तुमच्या सगळ्या "चालण्याजोग्या वस्त्या"ंच्या अभ्यासांत हीच भानगड असते. ज्यांना चालायला आवडतं ते तिथे घर घेतात, मग तुम्ही म्हणता बघा फूटपाथमुळे लोक चालायला लागले. मी तुमच्या विरोधात आहे असं नाही, पुराव्याचं बोला एवढंच.

पायी_पायी

मान्य, पण अर्धं सांगितलंत. मॉरिस बसवर थांबले नाहीत, त्यांनी पोस्टमन आणि पोस्टातले टेबलावरचे कारकून पण तपासले, कल तोच. आणि त्यानंतरच्या सत्तर वर्षांत शारीरिक हालचाल आणि हृदय यावर इतकं काम झालंय की आता त्यात शंका कसली. राहता राहिला प्रश्न फूटपाथने हालचाल वाढते का, तर तिथे तुमचा मुद्दा घेतो मी.

वॉर्ड_नंबर_तीन

मी नर्स आहे, बरीच वर्षं मेडिसिनच्या वॉर्डात काढलीत, त्यामुळे थोडं तिरकं बोलणार आहे, राग मानू नका. पायी_पायी, तुमचं वाचून असं वाटतं की आजार म्हणजे एक तर गाडीने उडणं नाहीतर खुर्चीत बसून जाड होणं. आमच्याकडे रात्री पॅरालिसिसचा अटॅक येऊन जो माणूस आणतात ना, तोंड वाकडं, एक हात लुळा, त्याच्या बायकोला मी पहिला प्रश्न विचारते, बीपीची गोळी चालू होती का. आणि उत्तर इतकं ठरलेलं असतं की मी फॉर्मवर आधीच लिहून ठेवू शकते, "चालू होती पण बरं वाटायला लागलं म्हणून बंद केली". नाहीतर, बीपी आहे हेच माहीत नव्हतं. जगात हाय बीपी असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना ते माहीतच नाही. त्याला तुमच्या फूटपाथने काय होणार? तो सकाळी तासभर चालून येईल आणि संध्याकाळी माझ्या वॉर्डात येईल.

पण मोठं हॉस्पिटल पण नकोय मला. घरापासून दहा मिनिटांवर छोटा दवाखाना, तिथे एकच डॉक्टर टिकलेला, गोळ्या दर महिन्याला न चुकता मिळणार, आणि एक बाई किंवा पुरुष जो घरोघरी जाऊन विचारेल की गोळी संपली का हो. ब्राझीलने १९९४ पासून हेच केलंय, एका टीमकडे ठरावीक कुटुंबं, डॉक्टर, नर्स आणि त्याच वस्तीतले आरोग्य कार्यकर्ते जे साधारण महिन्याला एकदा दारात येतात. बालमृत्यू कमी होण्यात त्याचा मोठा वाटा मानतात. पैसा घालायचाच तर तिथे घाला.

आणि हो, ती फुकट तपासणी शिबिरं! त्यावर मात्र मी तुमच्या बाजूने. धडधाकट माणसांना सरसकट बोलवून सगळ्या टेस्ट करण्यावर कॉक्रेनवाल्यांनी (जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) बऱ्याच चाचण्या एकत्र करून बघितल्या, २०१२ मध्ये आणि परत २०१९ मध्ये, एकूण मृत्यूंमध्ये जवळपास काही फरक नाही. बीपी मोजायला मांडव घालून फुगे लावायची गरज नसते, दुसऱ्या दिवशी तो माणूस कुठे जाणार हे ठरलेलं पाहिजे.

पायी_पायी

सिस्टर, छोट्या दवाखान्याला माझा विरोध असूच शकत नाही, पण एक विचारतो. तो दहा मिनिटांवरचा दवाखाना, पेशंट तिथपर्यंत जाणार कसा? बीपीवाला साठीचा असतो, गुडघे गेलेले. मध्ये चार पदरी रस्ता असला की दहा मिनिटांवरचा दवाखाना त्याला परगावच.

काठी_टेकत

हे बरं काढलंत. माझ्या सासूबाई ७४ च्या आहेत, चालू शकतात, हळू चालतात. आमच्या समोरचा रस्ता ओलांडायला सिग्नल आहे, हिरवा माणूस पण दिसतो, पण त्या निम्म्यात पोचतात तोवर तो हिरवा माणूस पळायला लागतो आणि गाड्या रेस करायला. मग दुभाजकावर उभ्या राहतात, दोन्हीकडून गाड्या, मध्ये ह्या, हातात पिशवी. एकदा असं झाल्यावर त्यांनी पलीकडे जाणंच सोडलं. पलीकडेच त्यांच्या दोन मैत्रिणी राहतात.

मी जरा शोधलं तर कळलं की बऱ्याच ठिकाणी सिग्नलची वेळ सेकंदाला १.२ मीटर चाल धरून लावतात. इंग्लंडमध्ये ६५ च्या वरच्या लोकांची चाल मोजली तर पुरुषांची सरासरी ०.९ आणि बायकांची ०.८ निघाली, म्हणजे बहुतेकांना तो वेळ पुरतच नाही. हिशोब करा, १४ मीटरचा रस्ता, १.२ ने बारा सेकंद, ०.८ ने साडेसतरा. साडेपाच सेकंदांचा प्रश्न आहे हो. याला ना हॉस्पिटल लागतं ना कोट्यवधीचा प्रोजेक्ट, सिग्नलच्या डब्यात आकडा बदलायचाय. पण तो बदलायला जा, "ट्रॅफिक तुंबेल" म्हणतात.

रोखठोक

काठी_टेकत, सासूबाईंचं ऐकून वाईट वाटलं, सिग्नल वाढवा, त्याला कोण नाही म्हणतंय. पण त्यावरून अख्ख्या शहराला ३० च्या स्पीडने रांगायला लावायचं हे मला पटत नाही. आणि अँब्युलन्सचं काय? सगळीकडे स्पीडब्रेकर टाकून ठेवाल, मग तोच बीपीवाला गाडीत उड्या मारत जाईल.

पायी_पायी

अँब्युलन्सला वेगमर्यादेतून सूट बहुतेक देशांत असतेच. स्पीडब्रेकरचा मुद्दा खरा आहे, त्यावर उपाय जुना आहे, रस्ताभर आडवा उंचवटा न घालता तुकड्या-तुकड्यांचा घालतात, अँब्युलन्सची दोन चाकांमधली रुंदी जास्त असल्याने ती चाकं कडेने निघून जातात आणि साध्या कारला मात्र चढावंच लागतं. आणि शिस्त शिस्त जे म्हणताय त्यावर, १८९२ चा कॉलरा. जर्मनीतली हॅम्बुर्ग आणि अल्टोना ही दोन शहरं एकमेकांना चिकटलेली, हद्द रस्त्यामधून जाणारी, पाणी दोघांचं एल्ब नदीचंच. उलट अल्टोना खालच्या बाजूला, म्हणजे हॅम्बुर्गची घाण मिसळलेलं पाणी उचलणारं. पण अल्टोनाला वाळूचे फिल्टर होते आणि हॅम्बुर्गने खर्चाचा वाद घालत ते लांबवले होते. हॅम्बुर्गमध्ये साडेआठ हजारांच्या वर माणसं मेली, अल्टोना बरंचसं वाचलं. त्या रस्त्याच्या एका बाजूचे लोक काय जास्त शिस्तीचे, जास्त हात धुणारे होते? पाइप कुठून आला होता एवढाच फरक. हॅम्बुर्गचा फिल्टर पुढच्याच वर्षी सुरू झाला बरं का, इतके दिवस पैसे नव्हते म्हणे.

रोखठोक

कॉलरा पाण्यातून येतो, ढेरी पाण्यातून येत नाही. नळाला जे येईल ते प्यावं लागतं, पण बर्गर कोणी नळातून सोडत नाही. ही तुलना चुकीची आहे.

वॉर्ड_नंबर_तीन

ढेरी नसेल हो येत, पण हवा तर नळासारखीच आहे ना, जी असेल ती ओढायची. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बारीक धुळीची, पीएम २.५ ची, वर्षाची मर्यादा १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली, जगातली बहुतेक शहरं त्याच्या वर आहेत. दम्याच्या पोराला कसली शिस्त लावणार, श्वास कमी घे म्हणून?

चाकं

इतका वेळ वाचतोय. तुम्ही सगळे पायी चालणारे दिसता. मी छोटा टेम्पो चालवतो, माल पोचवतो, पोट त्याच्यावर आहे. तुम्ही ३० करा, पार्किंग काढा, झाडं लावा, फोटो काढा. मी माल उतरवायला कुठे थांबू सांगा? डबल पार्क केलं की दंड, लांब थांबलो की पाठीवर घेऊन चालायचं, तुमच्या आरोग्याच्या नादात माझी कंबर जाणार. हे नियम कोण करतं तर ज्यांना घरून लॅपटॉपवर काम करता येतं ते. वेल्समध्ये २०२३ ला वस्त्यांमधला वेग ताशी २० मैलांवर आणला (३२ किमी धरा), तर साडेचार लाखांवर लोकांनी विरोधात सह्या केल्या. ते सगळे येडे होते का?

आणि गाड्या कमी करायच्या भारी आयडियांचं पण बघितलंय. मेक्सिको सिटीने १९८९ ला नंबर प्लेटच्या शेवटच्या आकड्यावरून आठवड्यात एक दिवस गाडी बंद केली. लोकांनी काय केलं, दुसऱ्या नंबरची दुसरी गाडी घेतली, ती पण जुनी खटारा. नंतर तपासलं तर हवा काही सुधारलेली दिसली नाही. ज्याच्याकडे पैसा त्याला काही नाही, मार खाल्ला एकच गाडी असलेल्याने.

पायी_पायी

चाकं, मेक्सिकोचं बरोबर आहे आणि मी ते कधीच मागणार नाही. तो नियम गाडीला दिवस वाटून देत होता, रस्ता तसाच राहिला. वेल्सचं मात्र पुढचं पण सांगा, गदारोळानंतर काही रस्ते परत ३० मैलांवर न्यायची मुभा दिली, पण ज्या रस्त्यांवर वेग उतरला तिथे जखमींचा आकडा पण उतरला. आणि वेळेचा हिशोब स्वतःच करा ना, आतल्या रस्त्यावर एक किलोमीटर ५० ने सव्वा मिनिट, ३० ने दोन मिनिटं. ते पण सिग्नल, वळण, कुत्रं, दुसऱ्याची उघडलेली दारं काहीच मध्ये आलं नाही तर. मी हायवेवर ३० मागत नाहीये, ज्या गल्लीत पोरं खेळतात तिथे मागतोय. फिनलंडच्या हेलसिंकीत निम्म्याहून जास्त रस्ते ३० चे आहेत, तिथे २०२४ च्या जुलैपासून पुढचं वर्षभर रस्त्यावर एकही माणूस मेला नाही. एकही.

शंकासुर

हेलसिंकीची लोकसंख्या किती आणि बससेवा कशी हे पण लिहा की. श्रीमंत, छोटं, सगळं जागच्या जागी असलेलं शहर घ्यायचं आणि बाकी जगाला शिकवायचं हा छंद झालाय. ३० ची पाटी लावून कोणी वेग कमी करत नाही, पकडणारा कॅमेरा आणि अरुंद केलेला रस्ता पाहिजे, आणि त्याला पालिकेत माणसं पाहिजेत.

पायी_पायी

मग कोलंबियाचं बोगोटा घ्या, ते तर श्रीमंत नाही. १९७४ पासून रविवारी सकाळी सात ते दुपारी दोन मोठमोठे रस्ते गाड्यांना बंद, आता १२० किमीच्या वर जातं ते जाळं, लाखो लोक सायकल घेऊन, चालत, पोरांना घेऊन उतरतात. नवीन काही बांधलं नाही, रस्ता तोच, फक्त सात तास दुसऱ्यांना दिला.

कोपऱ्यावरची

सगळे फूटपाथ फूटपाथ करताय, एकानेही संडासाचं नाव काढलं नाही. बायका बाहेर पडताना काय करतात माहितीये का, पाणी पीत नाहीत. सकाळी निघताना चहा पण अर्धा. चार-पाच तास बाहेर राहायचं तर आधी डोक्यात नकाशा तयार, कुठे जाता येईल, ते उघडं असेल का, कडी असेल का. त्यातून लघवीचे इन्फेक्शन, त्यातून परत दवाखाना. ज्यांना शुगर आहे, प्रोस्टेटचा त्रास आहे अशा म्हाताऱ्या पुरुषांचं पण तेच, ते लाजेने सांगत नाहीत, "आता बाहेर जायला कंटाळा येतो" म्हणतात. तुमचा सलग दोन किलोमीटरचा फूटपाथ माझ्या काही कामाचा नाही जर मध्ये एक स्वच्छ, दिवा असलेलं, रात्री नऊनंतर पण उघडं टॉयलेट नसेल. आणि हो, दिवा. झाडं लावा पण दिव्यापेक्षा खाली राहतील अशी लावा, दिवा पानांत लपला की ती सावली सात वाजल्यानंतर आम्हाला नको असते.

काठी_टेकत

+१, आणि बसायला बाक. दर शे-दोनशे मीटरवर एक. पाठ टेकता येईल असा आणि हात टेकून उठता येईल असा, नाहीतर बसलेलं माणूस उठणार कसं.

भाडेकरू_कायमचा

मी वेगळाच धोका सांगतो. आमचा भाग गलिच्छ होता तेव्हा आम्हाला परवडत होता. मग बाग झाली, फूटपाथ झाला, सायकलचा ट्रॅक झाला, आणि पुढच्या करारात मालकाने भाडं असं वाढवलं की आम्ही आता परत धुळीच्या रस्त्यावर राहायला. न्यूयॉर्कचा तो जुन्या रेल्वेपुलावरचा बगीचा, हाय लाइन, २००९ ला उघडला, आजूबाजूच्या घरांच्या किमती कुठे गेल्या सगळ्यांना माहीत आहे. आरोग्य सुधारलं म्हणता ते कोणाचं, वस्तीचं की वस्तीत नंतर येणाऱ्यांचं? ग्लासगोचं उदाहरण २००८ मध्ये गाजलं होतं, एका गरीब भागात पुरुषांचं अपेक्षित आयुष्य ५४ वर्षं आणि काही किलोमीटरवरच्या सुखवस्तू भागात ८२. हा फरक भरायला झाडं पुरणार का? नोकरी, घर, पगार यावर कोणी बोलत नाही कारण ते अवघड आहे, कुंड्या ठेवणं सोपं आहे.

शंकासुर

हा इथे आलेल्या मुद्द्यांतला सगळ्यात जड मुद्दा आहे आणि पायी_पायींकडे याला उत्तर नसणार.

पण कुंड्यांवर मला एक आवडलेला प्रयोग सांगतो, कारण पुरावा मागत सुटलोय तर दाखवायला पण हवा. फिलाडेल्फियात पडीक, कचऱ्याने भरलेले ५४१ प्लॉट घेतले आणि चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून दिले. काहींमध्ये कचरा काढून गवत, थोडी झाडं आणि कमरेइतकं लाकडी कुंपण, आत जायला फट ठेवलेली. काहींमध्ये नुसती सफाई. काहींना हातच लावला नाही. आधी आणि नंतर आजूबाजूच्या लोकांच्या मुलाखती. जिथे हिरवळ केली तिथल्या लोकांमध्ये "खूप उदास वाटतं" म्हणणाऱ्यांचं प्रमाण, न केलेल्यांच्या तुलनेत, ४० टक्क्यांच्या आसपास कमी झालं, नुसत्या सफाईने म्हणावा तसा फरक दिसला नाही. २०१८ ला छापून आलंय. इथे कोणी हौसेने राहायला आलं असं म्हणता येत नाही कारण प्लॉट चिठ्ठीने ठरले. आणि हे चकाचक पार्क नव्हते, त्यामुळे भाडं उसळायची भीती पण कमी. भाडेकरू, यावर बोला.

भाडेकरू_कायमचा

हे चालेल. छोटं, दहा ठिकाणी पसरलेलं, उद्घाटनाच्या फितीशिवाय. माझा राग एकाच जागी पैसा ओतून शोकेस करण्यावर आहे. बागेबरोबर भाडेवाढीला लगाम असेल तर माझं भांडण संपलं.

खिडकी

आवाजाबद्दल कोणीच नाही बोललं. मी मोठ्या रस्त्याला लागून दुसऱ्या मजल्यावर झोपते, म्हणजे पडून राहते. युरोपसाठी २०१८ ला जागतिक संघटनेने सांगितलंय की रस्त्याच्या वाहतुकीचा रात्रीचा आवाज ४५ डेसिबलच्या खाली हवा, ते का तर त्याच्या वर झोप मोडते, आणि दिवस-रात्र मिळूनच्या आवाजाचा संबंध हृदयविकाराशी लागतो. गंमत म्हणजे वेग वाढला की इंजिनपेक्षा टायर रस्त्यावर घासल्याचा आवाज जास्त होतो, म्हणजे सगळ्या गाड्या उद्या इलेक्ट्रिक झाल्या तरी ६० ने गेल्या की माझी झोप गेलीच. धूळ पण तशीच, टायर आणि ब्रेक झिजून होते ती कुठे जाणार. म्हणून "इलेक्ट्रिक आलं की सगळं सुटेल" म्हणणाऱ्यांना एक रात्र इथे झोपायला पाठवा.

रोखठोक

खिडकी, डबल काच बसवा. सगळ्यालाच सरकार कशाला?

खिडकी

आणि उन्हाळ्यात ती बंद काच लावून झोपू? उन्हाळ्यावरून आठवलं, शिकागोत १९९५ च्या जुलैतल्या उष्णतेच्या लाटेत ७०० च्या वर जास्तीची माणसं गेली, कितीतरी म्हातारी, एकटी, चोरांच्या भीतीने खिडक्या-दारं घट्ट लावून बसलेली. एकमेकांना लागून असलेले दोन गरीब भाग होते, नॉर्थ लॉनडेल आणि साऊथ लॉनडेल, मृत्यूच्या प्रमाणात जवळपास दहापट फरक. एका भागात दुकानं बंद पडलेली, रस्ते ओस, म्हातारे बाहेरच पडत नव्हते. दुसऱ्यात रस्त्यावर वर्दळ, म्हातारे दिवसा गार दुकानांत जाऊन बसत होते. रस्ता जिवंत असणं हे पण औषध आहे.

शंकासुर

किंवा दुसऱ्या भागात वस्ती तरुण होती आणि मेक्सिकोतून आलेली मोठी कुटुंबं एकत्र राहत होती म्हणून म्हातारे एकटे नव्हते. हा आक्षेप त्या निष्कर्षावर घेतला गेलाय. श्रेय रस्त्याला द्यायचं की घरातल्या माणसांना?

वॉर्ड_नंबर_तीन

तुम्ही दोघं श्रेय वाटत बसा. लाटेत फोन करून, दार वाजवून "आजी पाणी प्यायलात का" विचारणारं माणूस नेमा, रस्ता व्हायचा तेव्हा होईल. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा आराखडा केला त्यात आधी इशारा देणं आणि कोणी कोणाला काय सांगायचं हेच मुख्य होतं. परत माझ्याच मुद्द्यावर आले मी, माणसं नेमा. काँक्रीटला बजेट लगेच मिळतं, माणसाच्या पगाराला मिळत नाही.

पायी_पायी

सिस्टर, हा घाव बसला. ठीक आहे, म्हणून पाच वर्षांचा हट्ट बाजूला ठेवतो आणि एक व्यवहाराचं मांडतो. स्टॉकहोमने शहरात शिरणाऱ्या गाड्यांना शुल्क लावायचं ठरवलं तेव्हा लोक जाम चिडलेले होते. त्यांनी २००६ मध्ये जानेवारी ते जुलै असं सात महिने करून दाखवलं, मग बंद केलं, आणि सप्टेंबरात मतदान घेतलं. गाड्या साधारण पाचव्या हिश्शाने कमी झाल्या होत्या, लोकांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं, शहरात निम्म्याहून थोडी जास्त मतं बाजूने पडली. पुढच्या वर्षी कायमचं झालं. आपण पण तसंच करू, एक वस्ती, सहा-सात महिने, ३० चा वेग, पार्किंगची एक रांग काढलेली, सिग्नलचा आकडा बदललेला, दोन टॉयलेट, दहा बाक. मग विचारा लोकांना.

शंकासुर

अर्धवट नेहमीप्रमाणे. आजूबाजूच्या ज्या पालिकांनी मतदान घेतलं तिथे बहुमत विरोधात होतं, कारण शुल्क भरून आत येणारे तेच होते. मत आतल्यांनी दिलं, पैसे बाहेरच्यांनी. आणि तुमच्या प्रयोगात मोजणार काय? सहा महिन्यांत एका वस्तीत हार्ट अटॅक कमी झाले का हे दिसणारच नाही, आकडे इतके छोटे असतात.

वॉर्ड_नंबर_तीन

अटॅक नका मोजू. गाड्यांचा खरा वेग मोजा, रात्रीचा आवाज मोजा, आणि सत्तरीच्या वरची किती माणसं दिवसात तो रस्ता ओलांडतात ते मोजा, आधी आणि नंतर. शेजारची तशीच एक वस्ती न बदलता ठेवा. आणि माझ्या दवाखान्यात गोळ्या न्यायला महिन्याला किती जण परत आले ते रजिस्टरमध्ये असतंच.

रोखठोक

प्रयोगाला माझी हरकत नाही, पण फसला तर मुकाट्याने बंद करायचं हे आधी लेखी द्या. नाहीतर तात्पुरतं म्हणून लावलेले खांब दहा वर्षं तिथेच गंजतात.

चाकं

स्टॉकहोमवाल्यांनी शुल्क लावायच्या आधी काही महिने बसगाड्या वाढवल्या होत्या, ते पण वाचलं मी. इथे तर आधी बंद करतात, बस मग येते, येते की नाही देव जाणे. क्रम उलटा करा, आधी बस, मग खांब. आणि माझी लोडिंगची जागा?

पायी_पायी

प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक, पार्किंगची रांग काढतोय त्यातलीच, रंग लावून, फक्त माल उतरवायला, वीस मिनिटं.

चाकं

रंग लावाल हो. सकाळी सातला मी माल घेऊन येतो तेव्हा त्या रंगावर कोणाचीतरी कार रात्रीपासून उभी असणार, काच वर, मालक चौथ्या मजल्यावर झोपलेला. ती उचलणार कोण, किती वेळात उचलणार, आणि तोवर मी कुठे उभा राहू? तेवढं लिहा आधी, मग माझी पण सही घ्या.